जवसाच्या तेलाची बाटली

सोलापूर,
शुक्रवार, १४ जून २०२४

चि. मल्लिनाथ,

अक्काचे आशीर्वाद. मंगळवेढ्यात सगळे बरे असाल. हितं आम्ही ठीक. गुडघे तेवढे ठीक नाहीत, पण ते सांगून तरी काय उपयोग? उद्या काव्या एसटीनं तिकडं येतेय, तिच्याजवळ हे पत्र देते. फोनच केला असता, पण तू "दुकानात गिऱ्हाईक आहे" म्हणतोस आणि ठेवतोस.

तुझ्या लेकीच्या चित्रकलेच्या सामानापायी आज तिसऱ्यांदा नव्या पेठेत जाऊन आले. थकले रे बाबा. क्लासच्या बाईंनी यादी दिलीय हातभर. मी आपला शाळेतला ड्रॉइंगचा कागद उचलला, तर काव्या म्हणाली, "आत्या, त्याच्यावर पाणी पडलं की तो पापडासारखा वाकतो." मग जाड, खरखरीत कागद घेतला. रंग वड्यांचे की ट्यूबमधले, यावर अर्धा तास गेला. शेवटी बारा ट्यूबा, तीन गोल ब्रश आणि एक चपटा. जलरंगाचं झालं एकदाचं.

क्लासच्या फॉर्मवर तू जलरंगापुढं टिक केलीस आणि तैलरंगावर काट मारलीस. पण पोरगी दुकानात तैलरंगाच्या कपाटापुढून हलेना. दुकानदार ईरप्पा म्हातारा आणि भलता हौशी. लगेच ब्रश काढून म्हणाला, "डुकराच्या केसांचा हाय, तैलरंगाला हाच भारी." शिव शिव! मी हात मागं घेतला. तसा हसला, "नायलॉनचा पण हाय की, ताई."

मग त्यानं जवसाच्या तेलाची बाटली पुढं ठेवली. रंगात हे कालवायचं म्हणे. मला राहवलं नाही. विचारलं, "याच्याऐवजी घाण्यावरचं शेंगदाण्याचं घातलं तर?"

"अहो, ते खायचं तेल! ते कुटं वाळतंय? वरीस गेलं तरी चित्र चिकटच राहतंय की."

मी तिथल्या स्टुलावर बसले. काव्यानं पाणी आणून दिलं. तिला वाटलं, मला ऊन लागलं.

इथपर्यंत लिहून उठले होते. चहा केला, वाळत घातलेले कपडे आणले, घड्या केल्या. आता काही काम उरलं नाही, म्हणून लिहिते.

मठासाठी तू थोरल्या स्वामींचं तैलचित्र काढत होतास, तेव्हाची गोष्ट. तू बावीस वर्षांचा, आणि माझं लग्न दोन महिन्यांवर. तू पुण्याहून आणलेली जवसाच्या तेलाची बाटली केर काढताना माझ्या धक्क्यानं पडली. सगळं तेल सांडलं. तुझा स्वभाव तापट, मी घाबरले. तेल ते तेल, असं म्हणून स्वयंपाकघरातल्या डब्यातलं शेंगदाण्याचं तेल बाटलीत भरून ठेवलं. दिसायला तसंच पिवळं. टर्पेंटाईनच्या वासात तुला काही कळलं नाही.

तू महिनाभर "वाळत का नाही, वाळत का नाही" करत चित्राभोवती फिरलास. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती. तरी मी गप्प. अनावरणाची तारीख ठरलेली, म्हणून चित्र तसंच नेलं. "हात लावू नका" म्हणून तू ओरडत होतास, पण कोण ऐकतंय! घरातल्या काचेच्या फोटोला लावतात तशी विभूती लावायला लोक रांगेनं आले. पहिल्याच माणसाच्या बोटाला स्वामींचं कपाळ आलं. मग भुवई गेली. कुणीतरी म्हणालं, या पोराच्या हातालाच दोष आहे. अप्पांनी चित्र धोतरात गुंडाळून घरी आणलं आणि तू सगळे ब्रश चुलीत घातलेस. मी चुलीपुढंच भाकरी थापत बसले होते, मल्लू. तोंड उघडलं असतं तर काय झालं असतं? फार तर तू मारलं असतंस.

परवा काव्यानं विचारलं, "पप्पा म्हणतात, आपल्या घराण्याच्या हाताला तैलरंग मानवत नाही. त्यांना खरंच येत नव्हतं का गं?" मी म्हटलं, "मला काय माहीत, माझं लग्न झालं होतं तेव्हा." बघ, या वयातसुद्धा खोटंच बोलले.

तुझ्या हातात दोष नव्हता रे. स्वामींचे डोळे तू असे काढले होतेस की तुला जन्म देणारी अव्वासुद्धा त्या खोलीत डोक्यावर पदर घेऊन जायची. दोष माझा होता. माफी मागायला मला तोंड नाही, तरी मागते.

तैलरंगाचं सामानही मी आज घेऊन टाकलंय, तुला न विचारता. पत्रासोबत कोरा फॉर्म आहे. सोमवारी क्लास सुरू होतो, म्हणून दोन्हीवर टिक करून, सही करून काव्याबरोबरच पाठव. माझ्यावर हवं तेवढं रागाव. पंचमीला माहेरी येऊ नकोस म्हण, मी नाही येणार. पण माझ्या चुकीची शिक्षा त्या पोरीला देऊ नकोस.

तू सही कर नाहीतर नको करू, रविवारी ती परत आली की मी तिला सगळं सांगणार आहे. आपल्या बापाला चित्र येत नव्हतं असं समजून तिनं जन्म काढावा, हे आता माझ्यानं सोसवत नाही. मग तिनं माझ्या घरी राहायचं की नाही, ते तिचं ती बघेल.

तीस वर्षं तुझ्या हाताला बोल लागू देणारी,
तुझी अक्का
धनलक्ष्मी