आकिबच्या निवडीबाबत मामूंना कळवलेले मत

मेहरूण, जळगाव
सोमवार

आदरणीय नूर महंमद मामू यांस,

अस्सलामु अलैकुम. येथे सर्व ठीक. अम्मीचा गुडघा सकाळी दुखतो आणि दुपारी थांबतो. सलीमा मामींचा खोकला गेला असावा. (उर्दू मला बोलता येते, लिहिता येत नाही, म्हणून मराठीत लिहितो.)

तुम्ही विचारले होते, की आमच्याकडे राहून शिकणारा तुमचा आकिब बास्केटबॉलवर पोट भरू शकेल का. नव्या लीगचे संघ पाळीपाळीने एकेक खेळाडू उचलणार, त्यात त्याला कोणी उचलील का. नसेल, तर पुण्याच्या निवड शिबिराला न पाठवता त्याला धुळ्याला आणून फर्निचरच्या कामावर बसवायचे, असे तुमचे ठरले आहे. मी शिंपी माणूस, पण कॉलेजच्या संघाचे कपडे मीच शिवतो, म्हणून वही घेऊन पाच सामने पाहिले.

त्यातला पहिला सामना हिशेबात धरू नये. मी दुकानातून तसाच गेलो होतो, गळ्यात टेप, हातात वही. भुसावळच्या मुलांना वाटले, मीच लीगचा निवड करणारा माणूस. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा दिला, आणि त्यानंतर त्यांच्यापैकी कोणीही कोणाला चेंडू देईना. जो तो माझ्याकडे बघून लांबून बास्केट मारू लागला. आपण बावीस गुणांनी जिंकलो. (मी गैरसमज दूर करायला उठलो होतो, पण मी उठताच त्यांचा एक मुलगा आणखी जोरात धावला, म्हणून परत बसलो.)

उरलेल्या चार सामन्यांवरून सांगतो. आकिब गार्ड आहे, म्हणजे चेंडू पुढे नेऊन दुसऱ्यांना देणारा. ते काम त्याला उत्तम जमते. मैदान झाडणारे लीलाधर नाना म्हणतात, "बठ्ठा पोरे उंच शेतस, हाऊच ठेंगणा शे, पण बॉल त्यानंच आयकस." चेंडू त्याचेच ऐकतो हे खरे, परंतु डाव्या हाताने तो उजव्याच्या निम्माही नाही. मोकळे बास्केट वीसपैकी तेरा. आणि उंची. शिबिराच्या फॉर्मवर संघाला शिकवणाऱ्या हितेंद्र सरांनी सहा फूट एक इंच लिहिले होते आणि मोजणारा म्हणून माझी सही मागितली. मी भिंतीला उभे करून मोजले, पाच फूट साडेदहा भरले. सर म्हणाले, "अरे आतिफ, सगळेच वाढवतात. तू काय पँट शिवतोयस का?" मी म्हणालो, पँट असती तर वाढवून ठेवली असती, नंतर दुमडता येते. शेवटी खरी उंची लिहिली. त्या दिवशी आकिब माझ्याशी बोलला नाही, जेवला मात्र नेहमीइतकेच.

चौथ्या सामन्यात शेवटी आपण एका गुणाने मागे होतो. आकिब बास्केटखाली मोकळा होता. त्याने चेंडू रुपचंदला दिला, ज्याने वर्षभरात एकही बास्केट केले नव्हते. त्याचे वडील त्या दिवशी पहिल्यांदाच बघायला आले होते. रुपचंद चुकला. मी नंतर विचारले, तर आकिब म्हणाला, "तोही मोकळाच होता ना भाई." निवड करणारे असल्या गोष्टीचे गुण देत नाहीत, उलट कापतात.

तेव्हा माझे स्पष्ट मत असे, की आकिबला कोणताही संघ उचलणार नाही. तुम्ही खरे विचारले, मी खरे लिहिले.

आपला भाचा,
आतिफ

ता. क. : आकिब काल रात्रीच्या गाडीने पुण्याला शिबिराला गेला. तुमची परवानगी आहे असे मी त्याला सांगितले. फॉर्मवर पालकाच्या सहीच्या जागी माझी सही आहे, नाते मात्र "आतेभाऊ" असे खरेच लिहिले आहे.

दुसरे ता. क. : फोन न करता पत्र का, असे मामी विचारतील. साधे टपाल धुळ्याला चार दिवसांत पोहोचते आणि शिबिर तीन दिवसांचे आहे. हे पत्र तुमच्या हाती येईल तेव्हा तो जळगावला परतलेला असेल. विनंती एवढीच, की त्याला फोन केलात तर आधी जेवलास का ते विचारावे. निवड झाली नसेल, तर माझे आकडे त्याला वाचून दाखवू नयेत. झाली असेल, तर ते चुकीचे आहेत असे धरून पत्र फाडून टाकावे.