कन्सीव्हचा तिसरा अर्थ

११ नोव्हेंबर २०२४, सोमवार
कन्सीव्ह! सणसरच्या अभ्यासिकेत आज सगळा तास या एका क्रियापदावर. पुढे मुली, शेवटच्या बाकावर इंदिरा — बायको माझीच, पण तिथं मी तिचाही 'सर'. अर्थ तीन दिले : कल्पना सुचणे, समजून घेणे, गर्भ धारण करणे. मूळ लॅटिन — घेणे, आत धरणे. इंग्रजीत पोटाचा अर्थ आधी आला, डोक्याचा नंतर. हा क्रम कुठला मास्तर सांगतो? मी दहावी नापास, पण शब्द मुळापासून सांगतो.
तिसऱ्या अर्थाला मुली लिहायच्या थांबल्या. मागं वळून बघायला लागल्या. ओरडलो — "फळा पुढं आहे!"

१२ नोव्हेंबर
गेणबा तात्या माझ्या दुकानात आले. अभ्यासिकेची खोली त्यांची. "मास्तर, त्यो तिसरा अर्थ पुसा."
का?
"पुसा म्हंतो तर पुसा. कारण इचारू नगा."
लाज वाटते म्हणे! गोठ्यात चारचौघांसमोर वळू आणून गाय भरवून घेतात, आणि फळ्यावर शब्द चालत नाही! पुसणार नाही.

१३ नोव्हेंबर
इंदिराचं डोकं दुखतंय. तासाला आली नाही. तिसरा अर्थ पुन्हा लिहिला. मोठ्या अक्षरात.

१५ नोव्हेंबर
तात्या अभ्यासिकेच्या दारातच. "अर्थ पुसा, न्हायतर किल्ली द्या."
किल्ली काढून पुढं धरली. म्हटलं, अर्धा शब्द शिकवणं मला जमत नाही. लिंबाखाली तास घेईन!
तात्यांनी किल्ली घेतली नाही. पायरीवर बसले. "लय वाचलं तुमी, मास्तर. पोरी कुणाकडं वळून बघत हुत्या, त्ये न्हाय वाचलं व्हय? वैनी आमच्या मुक्ताबाईपाशी रडल्या. तुमाला सांगू नगा म्हणल्या."
शब्द चुकीचा नव्हता — हे आजही लिहून ठेवतो. पण आम्हाला मूल झालं नाही, आणि इतक्या वर्षांत हा शब्द घरात आम्ही कुठल्याच भाषेत काढलेला नाही. तो मी तिच्यासमोर फळ्यावर लिहिला. वर मुलींवर ओरडलो.

१६ नोव्हेंबर
डस्टर घेऊन उभा राहिलो. पहिल्या बाकावरून आवाज — "सर, पुसायचं नाही."
इंदिरा! आज शेवटचा बाक सोडून पुढं बसलेली. उठली. तिसरा अर्थ तिनं वाचला. मोठ्यानं. मग मुलींकडं वळून म्हणाली, "घ्या गं लिहून. परीक्षेत येतो."