दादाची चाळणी

३ मार्च
बॉयलरचा कोळसा तपासायचं काम आजपासून माझ्याकडे. आधी दादा करायचा. त्याला जाऊन दोन महिने झाले. मी सावरलो आहे. संकल्प: भट्टीच्या राखेत नऊ टक्के कोळसा न जळताच जातो. महिनाअखेर तीनवर आणायचा. स्टोअरने नवी चाळणी दिली, कपाटात ठेवली. दादाचीच वापरणार. भावनेचा प्रश्न नाही. ती उत्तम आहे.

५ मार्च
गणित सोपं आहे. कोळशाची पूड भट्टीत जेमतेम दोन सेकंद तरंगते. कणातला गॅस भपकन जळतो, उरलेला गाभा सावकाश. कण जाडा असला की अर्धवट जळून राखेत जातो. म्हणून चाळणीतून किमान सत्तर टक्के पूड पडली पाहिजे. माझी अठ्ठ्याऐंशी पडली. दादाला एवढी कधी जमली नाही. त्याला सांगायला फोन काढला. परत ठेवला.

९ मार्च
राखेत न जळलेला कोळसा अकरा टक्के. पूड तर बारीक, म्हणजे दोष भट्टीत सोडायच्या हवेचा. भट्टीवरच्या ऑपरेटरला लेखी कळवलं. तो म्हणाला, एकदा चाळणी बघा. हे थेट घराण्यावर जाणं झालं.

१४ मार्च
चाळणीतून ब्याण्णव टक्के. खाली पडलेल्या पुडीत चार जाडे दाणे दिसले. टेबलावरचे असणार.

१८ मार्च, सकाळी ११
राखेत कोळसा तेरा टक्के. साहेब ऑपरेटरला भट्टीवरून काढून कोळशाच्या यार्डात धाडणार. मला विचारलं, आकडे नक्की ना? म्हटलं, दादाच्या चाळणीचे आहेत. साहेबांनी फाइल मिटली. दबले असावेत.

२४ मार्च
ऑपरेटर लॅबमध्ये आला. चाळणी उचलून खिडकीसमोर धरली. जाळीच्या कडेच्या फटीतून समोरची बॉयलरची चिमणी दिसली. अख्खी.

दुपारी ३
नव्या चाळणीतून एकोणपन्नास टक्के. कोळसा दळणाऱ्या मिलचे रोलर झिजलेत. साहेबांना खरं सांगितलं. ऑपरेटर भट्टीवरच राहिला. यार्डात मी. त्याने मला चहा पाजला, ते जास्त लागलं.

२५ मार्च
चाळणी टाकवेना. वहिनींकडे नेली, दादाची आठवण म्हणून. दोन वाक्यं पाठ करून गेलो होतो.
वहिनी म्हणाल्या, "ठेवा तिथे, भावोजी. अशा पाच आहेत. जरा फाटली की हे बदलून जुनी घरी आणायचे. एकीवर साबण निथळतो. बाकीच्या न्या हव्या तर."
मी साबणाची मागितली. म्हणाल्या, तेवढी सोडून.