वालाच्या आठ ओळी

१४ नोव्हेंबर
भात झोडून झाले. घरामागचे खाचर मोकळे. ओल अजून पंधरवडाभर टिकावी. सकाळी बायकोचा, सु.चा, वालाच्या बियाण्याचा डबा फळीवरून उतरवला. झाकणावर तिनेच बांधलेला जुन्या लुगड्याचा काठ. गाठ सोडवीत असताना आक्का स्वयंपाकघरातून बाहेर आली.
"मधू, ठेव तो डबा. तुझा हात न्हाय चालायचा बियाला. शेजारच्या कुंदाला बोलव. सवाष्ण हाय ती."
आक्का माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. जुलैत सु. गेली, तेव्हापासून माझ्याकडेच आहे. भावोजींना जाऊन बावीस वर्षे झाली. तेव्हापासून तिनेही बियाण्याला बोट लावलेले नाही.
विधुराच्या हातचे बी रुजत नाही, यास पुरावा काय, असे विचारले.
"पुरावा कसला? कोणी पेरून बघितलंय का?"
हे उत्तर माझ्याच बाजूचे आहे, हे तिच्या ध्यानात आले नाही. मी गाठ सोडली.

१५ नोव्हेंबर
डब्यातली, बियाण्यात घातलेली राख चाळली. चांगले दाणे १२०. हे कडवे वाल सु.ने लग्नानंतर चौलहून, माहेरून आणलेले. तिकडे आता कोणाकडेही उरलेले नाहीत. हे गेले की संपले. गरज नसताना पाच वेळा मोजले.
लेक मीनल कॉलेजात असतानाचे संख्याशास्त्राचे पुस्तक माळ्यावरून काढले. वहीत मांडणी केली. आपण जो बदलतो तो स्वतंत्र चल: पेरणाऱ्याचा हात. ज्यावरचा परिणाम मोजायचा तो अवलंबी चल: आठव्या दिवसापर्यंत उगवलेले दाणे. चाळीस दाणे मी पेरणार, तुलनेसाठी चाळीस कुंदा, चाळीस राखीव. विहिरीकडची बाजू माझी, बांधाकडची तिची. टपोरे दाणे निवडून वेगळे ठेवले.

१६ नोव्हेंबर
मीनलला फोनवर मांडणी वाचून दाखवली. काहीशा ऐटीत.
"बाबा, टपोरे दाणे कोण पेरणार?"
"मी."
"आणि विहिरीकडची ओलही तुम्हालाच?"
"हो."
"मग पेरता कशाला? निकाल लिहूनच टाका ना!"
खजील झालो. हात, ओल, दाण्याचा आकार, तिन्ही एकदम बदलल्यावर उगवण कशामुळे झाली हे कोण सांगणार? पाटबंधारे खात्यात पस्तीस वर्षे दुसऱ्यांच्या अहवालांत चुका काढल्या. स्वतःचा पहिला अहवाल हा असा.
सर्व दाणे पुन्हा एकत्र कालवले. न पाहता वाटे केले.

१८ नोव्हेंबर
विहिरीपासून बांधापर्यंत आठ ओळी, प्रत्येकी दहा दाणे. कोणती ओळ कोणाची, ते चिठ्ठ्या टाकून ठरवले: चार कुंदाच्या, चार माझ्या. ओळीच्या टोकाशी करवंटी, तीवर चुन्याने आकडा, नाव नाही. मोजणी आक्का करणार. म्हणून ओळ कोणाची हे तिला कळता कामा नये. ती देवळात गेली असताना पेरणी उरकली. नकाशा कपाटात, चावी खिशात.
कुंदा पेरता पेरता म्हणाली, "काका, माझं न्हाय रुजलं तर आमचे हे घाबरतील हो!"
हसलो. जुलैनंतर प्रथमच, बहुधा.

२१ नोव्हेंबर
आक्का, ताटावर बसल्या बसल्या: "एवढा शिकलेला मानूस. बायको गेली नि करवंट्यांवर आकडे काढत बसलाय."
"बायको गेली, आक्का. माझे हात इथेच आहेत. तुझेही."
ती उठून गेली. अधिक बोललो का? बोललो तर बोललो. मागे घेणार नाही.

२४ नोव्हेंबर
कोंब दिसू लागले. ओळ ३ व ६ मागे. आक्का पाहून आली. दुपारी मला न विचारता दुसऱ्यांदा भात वाढला.

२६ नोव्हेंबर
आठवा दिवस. मोजणीपूर्वी एकदा पाहून यावे म्हणून खाचरात गेलो. वालाला पाणी द्यायचे नसते. भाताच्या ओलीवरच येतात. परंतु ओळ ६ ची माती काळी, ओलीकिच्च. तीत तांदळाचा एक दाणा. ओळ ३ चीही तीच गत. तांदळाचे धुवण.
आक्काला विचारले.
"कोंबड्यांनी सांडलं असंल."
"कोंबड्या तांदूळ धुतात?"
मग पदराला हात पुसत: "दोन दिस घालतेय. तुझ्याच ना त्या ओळी? कुंदासमोर तुझं हसं झालं असतं."
नकाशा काढून तिच्यापुढे ठेवला. ३ आणि ६, दोन्ही कुंदाच्या.
तिने नकाशावर बोट ठेवले. "मग तुझ्या कुठल्या?"
"१, ४, ५, ८."
"त्या तर बऱ्या आल्यात. म्हंजे तू जिंकलास की रे."
नाही. दोन ओळींना पाणी मिळाले, सहांना नाही, तुलना बाद. माझा हात अशुभ ठरला नाही, शुभही ठरला नाही. उष्टी जीत मला नको. वहीत ‘अनिर्णित’ लिहून खाली सही केली.
मागे पडलेली ओळ माझीच असणार, हे आक्काने नकाशा न पाहताच ठरवले होते. आणि मग तिलाच पाणी घातले.

२७ नोव्हेंबर
मीनल: "पुढच्या वर्षी पुन्हा करा. राखीव चाळीस मात्र जपा, बाबा. शेंगा धरेपर्यंत काही खरं नसतं."
सल्ला रास्त आहे. ओल दोन दिवसांचीच उरली आहे.

२९ नोव्हेंबर
राखीव चाळीसांतले दहा दाणे वाटीत घालून आक्कापुढे ठेवले. बांधालगत नववी ओळ.
"बावीस वर्सं झाली रे मधू."
"म्हणूनच."
"कुंदा बघंल."
"बघू दे. सगळा गाव बघू दे."
"न्हाय रुजलं तर?"
"तर ‘दहा दाणे रुजले नाहीत’ असे लिहीन. तुझे नाव घालणार नाही."
"आन रुजलं तर?"
"घालीन."
मांडणी म्हणून हे सर्वस्वी चूक. तुलनेला दुसरी ओळ नाही, चिठ्ठी नाही, मोजणारीला सारे ठाऊक. जाणूनबुजून करत आहे.
लुगडे खोचून ती खाचरात उतरली. बोट पहिल्या पेरापर्यंत मातीत, दाणा, वर माती. हात काही विसरलेला नव्हता. कुंदा कुंपणापाशी उभी राहून पाहत होती; आक्काने मान वर केली नाही, हातही थांबवला नाही. नऊ झाले. दहावा मुठीत धरून माझ्याकडे वळली.
"ह्यो तू टाक."
टाकला.
वहीत ओळ ९. ‘हात’ या रकान्यात काय लिहावे हे ठरेना. कोरा ठेवला आहे. आठवा दिवस ७ डिसेंबर. मोजायला दोघेही जाणार.