डॉक्टर इंग्रजीत बोलले ते

११ फेब्रुवारी ९७
भाऊजींना घेऊन डॉक्टरांकडे. जाऊ शांताही होती. नेहमीसारखं मला पुढच्या खुर्चीत बसवलं. या घरात इंग्रजी माझ्या वाट्याचं. लिव्हरमधल्या गाठीचा तुकडा मुंबईला तपासायला गेला होता, त्याचं उत्तर आलंय. डॉ. इंग्रजीत माझ्याशीच बोलत राहिले. गाठीत एक एन्झाइम फार वाढलंय. ते भोवतालचा पडदा विरघळवतं, मग कॅन्सरला रक्तात शिरायला वाट मिळते. अभ्यास अजून चालू आहे म्हणे, पण ज्यांच्यात ते इतकं सापडतं त्यांचं पुढे चांगलं होताना दिसत नाही. दिवाळी धरू नका.
सगळं समजलं. शब्दन् शब्द.
"डाक्टर काय म्हनतस, वहिनी?" भाऊजींनी विचारलं.
सूज आहे, औषधाने उतरेल, म्हटलं. डॉ. गुजराती, पण एवढं मराठी त्यांना कळलं असणार. त्यांनी मान खाली घातली.

१२ फेब्रु.
एन्झाइम. भुसावळच्या कॉन्व्हेंटात सिस्टरने हा शब्द शिकवला तेव्हा आम्हा मुलींना पावाचा तुकडा चावत बसवलं होतं, गोड लागेपर्यंत. घरी येऊन आईलाही करायला लावलं. ती हसत हसत चावत होती. किती आवडला होता तो शब्द.

१९ फेब्रु.
शांता त्यांच्या घरून, कडोदऱ्याहून आली. आजार साधाच निघाला म्हणून पेढे आणले होते. तिच्या मंगलचं लग्न वैशाखात ठरलं होतं, ते पुढच्या वर्षावर नेलं. भाऊजींनी मुलाकडच्यांना तसं कळवूनही टाकलं. मुलीचा बाप आजारी, बसून कन्यादान करणार, हे भाऊजींना नको. शांताला म्हणाले, "वहिनी सांगी ना सूज उतरी म्हनून. पुढला वरीसले उभा राहीसनी कन्यादान करसू." शांता म्हणते, "माणसाला मिरवायचंय, ताई. कोट शिवणार आहेत. कापडाच्या लूमवर उभी हयात बनियनवर काढली, आता कोट."
मी हसले. पेढा खाल्ला. गिळवला कसा मला...

२ मार्च
एकटीच डॉक्टरांकडे गेले. सांगितलं का, विचारलं त्यांनी. नाही म्हटलं. "तो बेन, हुं कही दउं?" तुम्ही नका सांगू, मीच सांगेन, मी म्हणाले.
का नको? खरं लिहायचं तर, ते बोलले असते तर मला त्या दिवशीच सगळं कळलं होतं हे उघड झालं असतं. भाऊजींच्या जिवापेक्षा मला माझी पत जपावीशी वाटली. इतक्या वर्षांत ते मला कधी उलट शब्द बोलले नाहीत. हे गेले तेव्हा भाऊजी आठवडाभर माझ्या दारात झोपले होते.

९ मार्च
आज कडोदऱ्याला गेले, सांगायचंच म्हणून. भाऊजी खाटेवर. हात किती वाळलेत. मी पाणी प्यायले, मग परत पाणी मागितलं. त्यांनी शांताला चहा ठेवायला आत पाठवलं आणि हळूच म्हणाले, "मंगलनी तारीख अलीकडे आनू का, वहिनी?"
कधीपासून कळलंय त्यांना?
हो म्हटलं. एवढंच. त्यांनी मान हलवली, जणू मी दुधाचा हिशेब सांगितला. डोळे भरले नाहीत, माझेच भरले.
शांता चहा घेऊन आली. तारखेचं ऐकलं. आता परत कशाला घाई, लोक काय म्हणतील, म्हणाली. भाऊजी माझ्याकडे बघत राहिले. मग तीही बघायला लागली.
"ताई, तुम्ही तरी सांगा यांना."
उद्या सकाळी येते, म्हटलं. कप अर्धाच ठेवून निघाले.