षष्ठीचा क्षय

रत्नागिरी,
सोमवार

प्रिय मृणाली,

तू फोन उचलत नाहीस म्हणून मी पत्र लिहीत आहे, असे तुला वाटेल. ते अर्धेच खरे आहे. तीन वेळा फोन केला, आणि तिन्ही वेळा तो नुसताच वाजत राहिला याचे मला मनातून बरेच वाटले. जे सांगायचे आहे ते मला बोलून सांगता आले नसते. बोलताना वाक्य अर्धवट सोडता येते. लिहिताना ते पूर्ण करावे लागते, निदान मला तरी.

तुझी आई सावित्री बरी आहे. काल ती घावणे घेऊन आली आणि दारातच उभी राहिली. तू पुण्याला मामाकडे गेल्यापासून लॅपटॉप उघडलेला नाहीस, हे काम कायमचे सोडून मामाच्या ओळखीने कुठेतरी कचेरीत लागायचे म्हणतेस, हे तिने मला सांगितले. मी तुला चार शब्द लिहावेत अशी तिची इच्छा आहे. "तुमचं ती ऐकते," असे ती म्हणाली. तिच्या वाक्यातला वर्तमानकाळ मला बोचला. 'ऐकायची' असे तिने म्हटले असते तर मी काही दुरुस्ती सुचवली नसती.

संगणकातले मला काही कळत नाही, हे तू आठवीत असल्यापासून तुला ठाऊक आहे. तरीही संध्याकाळी साडेपाचला कुंपणाच्या फटीतून येऊन तू माझ्या पडवीत बसायचीस आणि त्या दिवशी जे लिहिणार असशील ते मला आधी मराठीत सांगायचीस. तू त्याला प्रोग्राम म्हणायचीस, मी आज्ञावली म्हणायचो, आणि माझा शब्द ऐकून तू दर वेळी हसायचीस. मी एकच काम करत असे. तू 'जर' म्हणालीस की 'तर'ची वाट पाहायची, 'तर' आले की विचारायचे: आणि तसे नसेल तर? पालीजवळच्या वाडीतून आलेल्या माझ्यासारख्या मुलाच्या बोलण्याला शहरातल्या शाळेत सारा वर्ग हसला होता. तेव्हापासून एकही वाक्य लंगडे जाऊ द्यायचे नाही असा मी नेम केला, आणि चौतीस वर्षे मराठी शिकवताना इतरांच्या वाक्यांनाही तोच नेम लावला. तो नेम तुझ्या कामी येईल, असे मला स्वप्नातही वाटले नव्हते.

वाचनालयाची आज्ञावली तुला आठवत असेल. पंधरा दिवसांत पुस्तक परत आले नाही, तर सभासदाला तगाद्याचे पत्र आपोआप जाईल, असे तू मोठ्या उत्साहाने सांगितलेस. मी विचारले की, सभासदच राहिला नसेल तर? तू वहीत एक ओळ वाढवलीस. दोनच महिन्यांनी शेजारच्या आळीतले एक वृद्ध वाचक उशाशी उघडे पुस्तक ठेवून गेले, आणि त्यांच्या पत्नीला तगाद्याचे पत्र गेले नाही. त्या दिवशी तू मला मिठाई आणून दिलीस. मला मिठाई वर्ज्य आहे, पण ती मी खाल्ली.

मग तुझ्या लॅपटॉपमध्ये तो कृत्रिम बुद्धीचा मदतनीस आला. त्याला 'तो' म्हणावे की 'ते', याचा मी पुष्कळ विचार केला आणि 'तो' म्हणायचे ठरवले, कारण निर्जीव वस्तूचा इतका राग येत नाही. आधी तू आठवड्यातून चारच दिवस येऊ लागलीस, मग दोन, मग कधीतरी. मी विचारले तेव्हा तू निरागसपणे म्हणालीस, "आजोबा, तो कधी कंटाळत नाही." तुला ते त्याचे कौतुक वाटले, मला ती माझी तक्रार वाटली. मी काही वेळा पेंगत असे, हे मान्य आहे. माझ्या प्रश्नांना दम्याच्या खोकल्याचे विराम असत, हेही मान्य आहे. पण साडेपाचला तुझ्या खोलीच्या खिडकीत दिवा दिसायचा, अधूनमधून तुझे हसू ऐकू यायचे, आणि मी पडवीत दोन खुर्च्या मांडून बसलेला असायचो. या वयात मत्सर हा शब्द स्वतःला लावताना लाज वाटते. पण दुसरा शब्द अचूक नाही, म्हणून हाच लिहितो.

एकदा तू मला त्याची ओळख करून दिलीस. मी त्याला प्रयोगाविषयी प्रश्न विचारला. कर्मणी आणि भावे या दोन्ही प्रयोगांची त्याने सुबक उदाहरणे दिली. उत्तर बरोबर होते, म्हणून माझे तोंड कडू झाले. मग मी तुला मुद्दाम टंकायला लावले की, त्याचे दुसरे उदाहरण चुकले आहे. ते चुकलेले नव्हते. त्याने तत्काळ माझी क्षमा मागितली, माझे म्हणणे अगदी बरोबर असल्याचे सांगितले आणि योग्य उदाहरण खोडून त्या जागी अयोग्य घातले. मी विजयी मुद्रेने तुझ्याकडे पाहिले. तू म्हणालीस की, मी त्याची परीक्षा घेत नसून त्याच्याशी भांडतो आहे. तुझे खरे होते. परंतु माझेही काही खोटे नव्हते: जो इतक्या सहज मान डोलावतो, त्याने होकार दिला म्हणून कोणतीही गोष्ट खरी ठरत नाही. हे मी तेव्हाच नीट समजावून सांगायला हवे होते. मी सांगितले नाही. रुसून घरी आलो.

मच्छीमार संस्थेचे काम तुला मिळाल्याचे मला सावित्रीकडून कळले. पूर्वी अशी बातमी प्रथम माझ्याकडे यायची. खाडीच्या मुखाशी वाळू साचून उंचवटा झाला आहे, त्यावरून होडी कोणत्या वेळात सुखरूप आत-बाहेर करील, हे प्रत्येकाला फोनवर दिसावे अशी संस्थेच्या बाळाशेठांची कल्पना होती. आपल्याकडची रीत तुला ठाऊकच आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. तिच्या आधी दोन तास आणि नंतर दोन तास मुखावर पुरेसे पाणी असते. होड्या चालवणारे जुने तांडेल हे बोटांवर मोजत आले. तुझ्या मदतनिसाने ते सगळे एका दुपारी लिहून दिले, आणि ते बरोबर चालते की नाही हे तपासण्याच्या चाचण्याही त्यानेच लिहिल्या. त्या सगळ्या उत्तीर्ण झाल्याचे तू सावित्रीला आनंदाने सांगितलेस. परीक्षार्थ्यानेच प्रश्नपत्रिका काढायची, उत्तरे लिहायची आणि गुणही द्यायचे, अशी शाळा मी पाहिलेली नाही.

पहिला महिना वेळा तंतोतंत जुळल्या. काशीराम तांडेल मला बाजारात भेटला, तेव्हा त्याने तुझे तोंड भरून कौतुक केले. मला ते ऐकवेना. घाई असल्याचे सांगून मी निघालो.

पुढचे तू रोज मनात उगाळत असशील, पण मला ते क्रमाने लिहू दे. मदतनिसाने अमावास्येपासून रोज एक तिथी मोजली होती. तिथ्या अशा शिस्तीने येत नाहीत. एखादीची वृद्धी होते, एखादीचा क्षय होऊन ती गळते, हे भिंतीवर दिनदर्शिका असलेल्या प्रत्येक घराला माहीत आहे. पौषाच्या शुद्ध पक्षात षष्ठीचा क्षय होता. त्यामुळे गुरुवारी नवमी असताना फोनवर अष्टमी दिसत होती, आणि पाणी पाऊण तास मागे असताना फोन म्हणत होता की चार वाजता आत या. त्यात भांगाचे दिवस, मुळातच पाणी कमी. काशीरामची होडी बरोबर चारला मुखाशी आली आणि वाळूला लागली. मागून आलेल्या लाटेने ती आडवी फिरवली. होडीवरच्या इतर दोघांनी उड्या टाकल्या. काशीरामचा उजवा हात होडीची कड आणि इंजिन यांच्यात सापडला. मनगटात सळई घातली आहे. तीन बोटे वळतील की नाही, हे डॉक्टर अजून सांगत नाहीत. मी भेटायला गेलो तेव्हा तो तुझ्याविषयी एकही वावगा शब्द बोलला नाही. उलट स्वतःलाच दोष देत म्हणाला, "म्हयनाभर फोन बरोबर सांगत व्हता. मंग बोटांवर मोजायची सवयच मोडली, गुर्जी."

तू संस्थेला लिहिलेले पत्र सावित्रीने मला दाखवले. ते तू स्वतः लिहिलेस, हे मला पहिल्याच ओळीत कळले. त्यात ऱ्हस्व-दीर्घाच्या दोन चुका होत्या आणि एकही गुळगुळीत वाक्य नव्हते. तू लिहिले आहेस की, मदतनिसाने लिहिलेले तू ओळीने वाचले नाहीस, चालते आहे एवढे पाहून पुढे गेलीस, आणि चूक संपूर्णपणे तुझी एकटीची आहे. पहिली दोन विधाने खरी आहेत, आणि ती मी सौम्य करणार नाही. काशीरामचा हात तुझ्या घाईत सापडला, हे तुला जन्मभर बाळगावे लागेल. जे आपण दुसऱ्याला समजावून सांगू शकत नाही ते आपले नव्हे, आणि जे आपले नाही ते दुसऱ्याच्या जिवाखाली घालू नये. तिसरे विधान मात्र असत्य आहे. त्यासाठीच हे पत्र आहे.

अपघाताच्या बारा दिवस आधी तू मला पुढच्या महिन्याचा छापील तक्ता आणून दिला होतास. प्रत्येक दिवसाची तिथी, भरतीची वेळ, आणि खाली तांडेलांसाठी सूचना. "आजोबा, फक्त भाषा बघा हं," असे म्हणून तू उभ्याउभ्याच निघून गेलीस. फक्त भाषा. विचार त्याचा आणि अनुस्वार माझे, अशी वाटणी तू माझ्या पडवीत करून गेलीस, असे मला वाटले. मी लाल पेन घेतले आणि सूचनांमध्ये अकरा चुका काढल्या. मग सवयीने आकड्यांवरूनही नजर फिरवली. समोर भिंतीवर दिनदर्शिका होती. शुद्ध पक्षाच्या सहाव्या ओळीपाशी मी थांबलो. षष्ठी तिथे असायला नको होती. मला ते दिसले, मृणाली. अर्धे मिनिटही लागले नाही. हाक मारली असती तर तू कुंपणापलीकडे होतीस. मी हाक मारली नाही. मी ठरवले की, याला एकदा सगळ्यांसमोर चुकू दे. म्हणजे ही पुन्हा साडेपाचला येऊन बसेल. कुणी वेळेआधी येऊन थोडे खोळंबेल, बाळाशेठ कुरकुर करतील, एवढेच माझ्या डोळ्यांपुढे आले. 'आणि तसे नसेल तर?' हे मी स्वतःला विचारले नाही. तक्त्याखाली सुवाच्य अक्षरात 'तपासले. आता निर्दोष आहे' असे लिहून मी तो सावित्रीच्या हाती परत दिला. काल दुपारी मी हे सगळे काशीरामच्या घरी जाऊन सांगितले. त्याची बायको हौसा त्याला भरवत होती, तिने वाटी खाली ठेवली आणि विचारले, "मशीनला कळत नव्हतं. तुमाला कळत व्हतं, तरी तुमी गप बसलाव?" मी होय म्हणालो. रविवारी संस्थेच्या सभेत तुझे पत्र वाचले जाईल, त्यानंतर मी उभा राहून हेच सांगणार आहे, आणि ते तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून आधी लिहीत आहे. तू हे काम सोडावेस की करावेस, हे सांगण्याचा अधिकार मी गमावला आहे. मात्र जे काही ठरवशील ते तुझ्या चुकीपुरते ठरव. माझ्या चुकीची शिक्षा मला भोगू दे. सभा चार वाजता आहे. तू यावेस असे मी म्हणत नाही. तू येऊ नयेस असेही मला म्हणवत नाही.

तुझाच,
महिपत आजोबा