मास्तरकीत नापास झालेला साधू

सर, तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली की तुमच्यावर रागवायलाही संकोच वाटत नाही, म्हणून आधी रागाचंच लिहिते. मी नववीत असताना शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तुम्ही जोह्याला आमच्या गणपतीच्या कारखान्यात आलात आणि वडिलांना म्हणालात, या वेळी एक माणूस करून द्या. हंगाम उरकला होता, शाडू उरली होती, वडील तयार झाले. माणूस म्हणजे तुमचा लाडका, मठाच्या बागेत वर्षानुवर्षं वाटाणे लावून ते मोजत बसलेला परदेशी साधू. आईबापाचा कुठला गुण पोरात उतरतो आणि कुठला एक पिढी दडून बसतो, हे त्याने त्या वाटाण्यांतून ओळखलं. पेणच्या शाळेत ते शिकवायला तुम्ही रोह्याहून पिशवीभर वाल आणायचात, कारण वाटाणा आमच्या शेतांत कुणी बघितला नव्हता आणि वाल तर भात कापल्यावर सगळेच पेरतात. रविवारी तीच पिशवी घेऊन एसटीने गावोगाव जायचात, देवळाच्या ओट्यावर बसून शास्त्रज्ञांच्या गोष्टी सांगायचात. लोक तुम्हाला वालवाले मास्तर म्हणायचे आणि तुम्हाला ते आवडायचं.

साधू वडिलांनी घडवला, डोळे मी आखले. आमच्याकडे डोळ्यांची आखणी म्हणजे शेवटचं आणि मानाचं काम, ते मला पहिल्यांदाच मिळालं होतं. मी जीव ओतला. लांब, शांत, अर्धवट मिटलेले डोळे, आणि झग्याच्या काठाला उरलेला सोनेरी रंग. प्रदर्शनाच्या दुसऱ्या दिवशी आम्ही बघतो तर साधूच्या पायाशी जास्वंदीची फुलं, कपाळाला कुंकू आणि पुढ्यात नारळ. गावांकडून आलेल्या बायकांनी ओळीने पाया पडून घेतलं होतं. सगळे हसले, तुम्ही हसला नाहीत. सगळ्यांसमोर मला म्हणालात, "अगं, दिवसभर उन्हात वाकून मोजणाऱ्याचे डोळे असे असतात होय? तू त्याचा देव केलास. देवाच्या पाया पडतात, त्याच्यासारखं व्हायला कोण बघतं?" वडील बाजूलाच उभे होते. ते हळूच म्हणाले, "आमच्या हाताला दुसरे डोळे ठाव नाय, सर. तिचा काय दोष नाय." तुम्ही साधू परत पाठवलात. मी रडत रडत त्याचे डोळे बारीक केले, खाली सुरकुत्या काढल्या, नखांत मातीचा रंग भरला. मग आठवडाभर तुमच्याशी बोलले नाही, आणि ते तुमच्या लक्षातही आलं नाही.

तुमचं म्हणणं मला कळलं ते दहावीच्या निकालानंतर. मी नापास झाले, तेही विज्ञानात, तुमच्याच विषयात. घरात कुणी ओरडलं नाही. वडिलांनी फक्त माझ्या दप्तराच्या खुंटीला ब्रशांची पिशवी अडकवली, म्हणजे शाळा संपली हे ठरलं. मला भीती होती ती तुम्ही येण्याची, आणि तुम्ही आलात. कारखान्यात पाय ठेवायला जागा नाही, जिकडेतिकडे कच्चे गणपती वाळताहेत. तुम्ही दोन फळ्यांच्या मधे अंग चोरून उकिडवे बसता आणि माझ्याकडे न बघता वडिलांना साधूचीच गोष्ट सांगायला लागता. ती आम्हाला पाठ होती. पण या वेळी तुम्ही म्हणता, "एक सांगायचं राहिलं. त्याला मास्तर व्हायचं होतं. मास्तरकीच्या परीक्षेत तो नापास झाला."

वडिलांचा हात थांबतो. "कोण, हा वाटाणेवाला?"

"व्हय."

"आनि मंग?"

"मग काय, परत बागेत गेला आणि मोजायला लागला."

वडील बराच वेळ एका सोंडेवरून ओला हात फिरवत राहतात. मग आत आईला हाक मारतात, "ऐकलंस काय गो? मास्तरांना चाय ठेव. पोरगी परत बसनार हाय परीक्षेला." पुढे कधीतरी तुम्ही मला सांगितलंत की नापास मास्तराची गोष्ट शाळेत कशी सांगायची म्हणून तेवढंच तुम्ही इतकी वर्षं गाळत होतात. मला ते ऐकून फार बरं वाटलं होतं.

तुमच्यामागे ते काम मी घेतलं. कुणी दिलं नाही, मीच घेतलं. शास्त्रज्ञांवर लहान लहान पुस्तकं लिहिते, शाळांतून बोलते. कोण अडखळत बोलायचा, कोण तापट होता, कोण दहा वर्षं चुकीच्याच वाटेने गेला, सगळं सांगते. मुलं पुढे सरकून बसतात. गेल्या आठवड्यात रोह्याला गेले होते. ओळख करून देणारे म्हणाले, मॅडम लहानपणापासून अत्यंत हुशार. मी हसून मान लववली. मग साधूची गोष्ट सांगितली, त्याच्या नापास होण्यासकट. संपल्यावर चहाच्या गर्दीत एक मुलगी जवळ आली. म्हणाली, "मी पण नापास झाले, विज्ञानात. पुढच्या महिन्यापासून घरचे कंपनीत पॅकिंगला लावतायत. तो साधू मोठा माणूस, त्याचं जमलं. तुम्ही हुशार लोक, तुम्हाला नाय कळायचं." उत्तर माझ्या जिभेवर होतं, सर. पण मुख्याध्यापक शेजारी उभे होते, माझ्या खांद्यावर त्यांनी सत्काराला घातलेली शाल होती. मी म्हणाले, प्रयत्न कर, यश नक्की मिळेल. तुम्ही असतात तर ते वाक्य खडूने खोडलं असतंत. ती "व्हय मॅडम" म्हणाली आणि गेली.

घरी आल्यापासून हे तुम्हाला लिहिते आहे, आणि ते सोपं जातंय, कारण मी नापास झाले होते हे तुम्हाला ठाऊकच आहे. इतक्या पुस्तकांत मी ते एकदाही लिहिलेलं नाही. खरं तर हे तिला लिहायला हवं, पण मी तिचं नावही विचारलं नाही. शाळेत फोन केला तर मिळेल. मग ते कशाला हवं, हे मुख्याध्यापकांना सांगावं लागेल. फोन मी अजून केलेला नाही.